खोट्या आधार कार्डाचा गुन्हा

वेलदोड्याच्या चहाचा वास आला की मला इंदापूरकडच्या एका चौकीतली दुपार आठवते. लॉजवर छापा पडला होता. नोकरीच्या थापेनं आणून विकलेली मुलगी फरशीवर बसलेली, आणि तिला कोंडून ठेवणारा लॉजमालक खुर्चीत ऐसपैस चहा पीत होता. मी तिची वकील. "साहेब, तिला विकलंय. ती आरोपी कशी?" "म्याडम, आधार कार्ड खोटं हाय तिचं. गुन्हा तिच्यावरच," म्हणत साहेब मालकाकडं वळले, "तात्या, साखर बरी हाय न्हवं?" ते कार्ड तात्यानंच बनवलेलं. कोर्टात मी ते सिद्ध केलं, तेव्हा कुठं सात महिन्यांनी ती तुरुंगातून सुटली. साहेब आता निवृत्त झालेत. बारामतीच्या बाजारात भेटले की लाळघोटं हसून विचारतात, "म्याडम, वळखलं का?" चांगलंच ओळखते, पण मी नाही म्हणते.