तिघांतला जो मागे थांबला

टाउनशिपमध्ये वैजयंतीकाकू अमोलिकांची कीर्ती पसरली ती बागेच्या मेंदीच्या कुंपणामुळे. माळ्यानं पाला पेटवला, ठिणगी कुंपणाला लागली आणि सगळा ब्लॉक बादल्या घेऊन धावला. काकू मात्र चपला काढून, पदर डोक्यावर घेऊन धगीसमोर कान देऊन उभ्या. बायबलातल्या मोशेशी देव पेटूनही न जळणाऱ्या झुडपातून बोलला होता, मग आपल्याशी बोलायला त्याला काय झालं? कुंपणाची राख झाली तेव्हा त्यांनी चपला पायांत सरकवल्या. "नव्हता तो," म्हणाल्या. "तो असता तर झुडूप जळलं नसतं."

काकू मूळच्या नागपूरच्या. अनंतराव भोपाळच्या कारखान्यात टर्नर, म्हणून लग्नानंतर इकडे आल्या. जुन्या करारात देव माणसांना जिथे जिथे दिसला तिथे तिथे तो येशूच होता, बेथलेहेमात जन्मायच्या कितीतरी आधी आलेला, असं वडिलांनी त्यांना लहानपणीच शिकवलेलं. "जो तेव्हा न कळवता यायचा, तो आता कळवून येईल होय?" असा काकूंचा सवाल. त्यामुळे रद्दीवाला आला तरी त्या आधी त्याला नखशिखांत न्याहाळत, मग वजनाकडे बघत.

क्वार्टरसमोर कडुनिंब होता. त्याभोवती काकूंनी विटांचा पार बांधून घेतला होता, रविवारी दुपारी मुलांना बायबलच्या गोष्टी सांगायला. कारण घरात गोष्टी आणि अनंतरावांची झोप दोन्ही मावत नसत. पण जमीन पडली कारखान्याची, पार बेकायदा. तो तोडायला माणसं येणार अशी कुणकुण होती. पार गेला की वर्ग गेला. आणि वर्ग गेला की काकूंना ऐकायला उरणार काय? अनंतरावांचं घोरणं!

अशातच एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी प्रवचनाला अब्राहामाचे तीन पाहुणे काढले. "प्रिऽऽयांनो! भर उन्हात झाडाखाली तिघे आले. कोण होते ते तिघे? पिता! पुत्र! आणि..." इथे त्यांना ठसका लागला, पण पवित्र आत्मा सगळ्यांना कळला.

घरी येताना अनंतराव म्हणाले, "चूक. एकच प्रभू होता, बाकी दोघे देवदूत."

"पाळकांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

"अगं, पुढे वाच की! दोघे सदोम शहर जाळायला निघून जातात, एक मागे थांबतो. मागे थांबला तो प्रभू. शहर वाचवायला अब्राहाम त्याच्याशीच पन्नास भल्या माणसांपासून दहापर्यंत घासाघीस करतो."

मंगळवारी ऐन दुपारी काकूंनी दार उघडलं, तर पाराच्या सावलीत तीन माणसं. एकाच्या बगलेत फाइल, दुसऱ्याच्या हातात टेप, तिसऱ्याकडे पाडायच्या बांधकामावर खूण करायचा लाल रंगाचा डबा.

काकू अब्राहामासारख्या धावत गेल्या आणि जमिनीपर्यंत वाकल्या.

फाइलवाले पटेरियाजी दचकून मागे सरले. "अरे माताजी, पैर-वैर मत पड़िए! ऊपर से आर्डर है. ये टूटेगा."

"तोडना हं, सावकाश तोडना. पहले पाय धुओ."

हंडाभर पाणी आलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं बूट काढले. अनंतराव आत कपाळाला हात लावून बसलेले. "अगं, अब्राहामानं वासरू कापलं होतं. मी कुठनं आणू?"

वासराची अडचण पटेरियाजींनीच सोडवली. "हम तो लहसुन भी नहीं खाते."

"अब्राहामाकडे सगळं चाललं होतं," काकू पुटपुटल्या आणि थालीपिठं लावायला घेतली. थालीपीठ, लोण्याचा गोळा, वाडगाभर दही. तिघे जेवत होते आणि काकू झाडाखाली हात जोडून उभ्या, कारण अब्राहामही उभाच होता.

शेजारच्या कुसुमताई कुंपणावरून हे सगळं बघत होत्या. "वहिनी, तिघे एकदम आले म्हणजे दत्तगुरूच! अनसूयेकडे असेच आले होते. तिनं तर त्यांची बाळं करून टाकली."

"कुसुमताई, हे आमच्यातले आहेत."

"बरं बाई, तुमच्यातले. पण तिघे आले की बाळ येतंच हो, आमच्यात काय नि तुमच्यात काय!"

जेवणं झाली. टेपवाला उठला, डबेवाला उठला. पटेरियाजींनी उठायचा प्रयत्न केला, ढेकर दिली आणि पुन्हा बसले. "तुम लोग इंद्रपुरी निकलो. मैं थोड़ा लेट के आता हूँ."

काकूंनी बोटं मोजली. दोघे चालले, एक थांबला! पाळकसाहेब त्याच क्षणी हरले. पण दोघे चालले कुठे, तर इंद्रपुरीला, आणि तिथे नणंद राहते!

"भैया," त्या टेपवाल्याच्या मागे धावल्या, "नलिनी को पहले बाहर निकालना! निळा दरवाजा है!"

"हौ अम्मा, देख लेंगे," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

काकू परत आल्या तर पटेरियाजी पारावर आडवे.

"साहब, गुस्सा मत होना. यहाँ पचास बच्चे बैठते होते तो भी तोडते क्या?"

"पचास पे कौन तोड़ता है, माताजी."

"पाच कम पडे तो?"

"नहीं तोड़ूँगा."

"मैं तो माती हूँ, राख हूँ, फिर भी पूछती हूँ. तीस?"

"हूँ."

"वीस?"

"हूँऽऽ."

"आखरी बार. दस?"

"दस बैठें तो भी नहीं टूटेगा! अब सोने दो."

काकू तृप्त होऊन स्वयंपाकघरात आल्या. अनंतराव केस उपटायच्या बेतात. "दहावर का थांबलीस? अब्राहाम दहावर थांबला, दहा भेटले नाहीत आणि सदोम जळालं! आपल्याकडे चारच मुलं येतात. चारवर यायचं होतंस!"

चार वाजता पटेरियाजी उठले, बूट चढवले आणि दाराकडे तोंड करून ओरडले, "माताजी, अगले साल इसी टाइम फिर आऊँगा! गिनूँगा!"

दाराआड काकूंच्या हातातून उलथनं पडलं. अब्राहामाच्या पाहुण्यानं हेच सांगितलं होतं. पुढच्या वर्षी येईन म्हणाला, आणि तेव्हा अब्राहामाच्या म्हाताऱ्या बायकोला, सारेला, मुलगा झालेला असेल! काकू सत्तावन्नच्या. त्यांना फिस्सकन हसू आलं.

"हँसीं क्यों?"

"मैं नहीं हसी."

"नहीं, हँसी थीं."

काकू पांढऱ्याफटक पडल्या. सारेबरोबरही अस्संच झालं होतं, शब्दाला शब्द.

ते वर्ष अमोलिकांकडे कठीण गेलं. काकूंनी पिवळ्या लोकरीचा वीतभर स्वेटर विणला. अनंतरावांनी खाट व्हरांड्यात हलवली. वर्गात मात्र थालीपिठाच्या वासावर मुलं वाढू लागली. कुसुमताईंचे नातू आले, सरदारजी फोरमनची जुळी आली, आणि काकू आवाज बदलून, जळत्या सदोमकडे वळून पाहणाऱ्या लोटाच्या बायकोचा मिठाचा खांब करत तेव्हा कुंपणापलीकडे आयाही उभ्या राहत.

वर्ष भरलं. पटेरियाजी आले, मागे डबेवाला. आणि नेमकं त्या दिवशी एका जुळ्याला गालगुंड!

"एक, दो..." ते बोट दाखवत शेवटपर्यंत गेले. "नौ."

डबेवाल्यानं रंग ढवळायला घेतला. काकू हातात दहावी ताटली घेऊन तशाच उभ्या. लोणी थालीपिठावर वितळून चाललेलं. पटेरियाजींनी ताटलीकडे पाहिलं. पाराकडे पाहिलं. शेवटी रांगेच्या टोकाला मांडी घालून बसले आणि हात पुढे केला.

"दहा!" कुसुमताई कुंपणावरून किंचाळल्या.

"मैं थोड़े ही बच्चा हूँ," पटेरियाजी म्हणाले, पण घास तोंडात होता.

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. ज्या पुत्राचं वचन होतं तो हा असा, मिशाळ, फाइल मांडीवर घेऊन आलेला! आत जाऊन त्यांनी पिवळा स्वेटर आणला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"ये किसका है?"

दाराआड कुणीतरी खदाखदा हसलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

"कौन हँसा?"

"मैं नहीं," अनंतराव आतून म्हणाले.

"हसलात," काकू म्हणाल्या. "आणि ती खाट आत आणा आता."