सार्जंटच्या मुलाला दिलेला हुकूम

“नाइन्टी सेव्हन,” झैनल अंकल म्हणाले. “एकदम फाइन, डॉक्टर.”

कालही नाइन्टी सेव्हन होतं. परवाही. बोटाला लावायचा तो चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर, रक्तातला ऑक्सिजन दाखवतो. धडधाकट माणसाचाही आकडा थोडा खालीवर होतो. इथे ऐंशीला टेकलेला, कोविड झालेला माणूस, आणि आकडा मात्र मांडी घालून एका जागी बसलेला. मला शंका आली.

सिडनीतला लॉकडाउन होता. ब्लॅकटाउनमधल्या आमच्या क्लिनिकचं दार बंद आणि फोन चालू. मी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. घरी आयसोलेट झालेल्या पेशंटना रोज फोन करायचा आणि कोणाला हॉस्पिटलात पाठवायचं ते नुसत्या आवाजावरून ठरवायचं. पुण्यात शिकताना नाडी, जीभ, नखं बघायला शिकवलं होतं. फोनवर यातलं काही दिसत नाही.

झैनल अंकल मलेशियातले मलय. क्वेकर्स हिलला लेकीकडे, नूरकडे राहत. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात सार्जंट होते आणि एक टेकडी लढवताना गेले. अंकल तेव्हा आईच्या पोटात. गावच्या शाळेला वडिलांचं नाव दिलं आणि त्याच शाळेत यांना घातलं. गुडघा फुटून रडू आलं, की मास्तर म्हणत, तू कोणाचा मुलगा आहेस, माहितेय ना? बीपी तपासायला आले की अंकल मला ती लढाई ऐकवत. जपानी चढून येतात, सार्जंटच्या खांद्याला गोळी लागते, ते पट्टी बांधून पुन्हा वर जातात आणि शेवटपर्यंत मशीनगन सोडत नाहीत. सगळं एका दमात. पेशंट बोलत असला की बीपी नीट मोजता येत नाही, त्यामुळे बाहेरची रांग वाढायची आणि माझा जीव वैतागायचा.

“अंकल, वडिलांची गोष्ट सांगा ना,” मी म्हटलं.

मी आपणहून विचारायची ही पहिलीच वेळ होती.

“माझे वडील... सार्जंट होते. टेकडीवर... त्यांची तुकडी...”

दर दोन-तीन शब्दांनी श्वास. आमच्या धंद्यातली ही साधी खूण आहे. एका श्वासात वाक्य पुरं होत नसेल, तर फुप्फुसं दमलीत. कोविडची खोड अशी, की ऑक्सिजन उतरला तरी पेशंटला गुदमरल्यासारखं वाटेलच असं नाही.

प्रॅक्टिस मॅनेजर ट्रेसीने दारातून डोकं आत घातलं. “मेट,” ती म्हणाली; इथे दोस्ताला असंच म्हणतात. “कॉल्स खोळंबलेत. गप्पा कसल्या मारतेस?”

“तपासतेय,” मी म्हटलं.

अंकलना लाइनवर ठेवून मी मोबाइलवरून नूरला गाठलं. मास्क लाव, आत जा आणि आकडा तू वाच. मग दोन्ही फोनमधून बापलेकीची झटापट ऐकू आली.

“एटी सिक्स!” नूर रडतच ओरडली. “डॅड, यू लाइड!”

नव्वदच्या खाली म्हणजे धोका. “अंकल, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल,” मी म्हटलं.

“नाही, डॉक्टर. शेजारचा... अँब्युलन्सने गेला. मुलांना... चेहराही नाही दिसला. मी... इथेच. वडिलांनी टेकडी... सोडली नाही.”

मी आर्जवं सुरू केली. प्लीज अंकल, नूरसाठी तरी. वडीलधाऱ्या माणसाला आपण गोंजारतच औषध देतो. हुकूम सोडायची आपल्याला सवय नाही. अंकल ढिम्म हलेनात. वेळ चालला होता आणि मी पुरती घाबरले होते. शेवटी भीतीचाच राग झाला.

“गोळी लागल्यावर तुमचे वडील पट्टी बांधायला टेकडी उतरले होते. का उतरले?”

“कॅप्टनचा... हुकूम होता.”

“मग हा माझा हुकूम. टेकडी सोडा. अँब्युलन्स येतेय.”

वडिलांच्या वयाच्या माणसावर मी चक्क ओरडले होते. पलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली. मग आवाज आला, “यस, डॉक्टर.”

हॉस्पिटलात त्यांना ऑक्सिजनवर ठेवलं, स्टेरॉइड दिलं. आयसीयूच्या उंबरठ्यावरून माघारी आले, असं तिथल्या रजिस्ट्रारने, म्हणजे वॉर्डातल्या डॉक्टरने, मला सांगितलं. घरी आल्यावर तपासणीसाठी मी फोन केला आणि पुन्हा ती गोष्ट मागितली. आता लांब लांब वाक्यं येत होती. मी खूश होऊन ऐकत होते. सार्जंट टेकडी उतरले, पट्टी बांधली, आणि अंकल थांबले.

“अंकल? श्वास लागतोय?”

“नाही. डॉक्टर, कॅप्टनने त्यांना खालीच ठेवून घ्यायला हवं होतं. मला वडील मिळाले असते.”

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्या गोष्टीत कधी आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

आता क्लिनिकमध्ये नवे डॉक्टर आले की मी सांगते, फोनवर पेशंटला ‘कसं वाटतंय’ विचारू नका. उत्तर ‘फाइन’ येतं. त्याच्या माणसांबद्दल विचारा. आणि तो थांबला, तर लगेच बोलू नका. दर वेळी दम लागलेला असतोच असं नाही.