आसरांच्या डोहातली कासवं

बायको मागच्या दिवाळीला गेली. तिच्या राखेचं मडकं मी अजून गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवलंय. लोक म्हणतात, म्हातारा चळला. थोरला पोरगा म्हणतो, सीना नदीत सोडून येऊ. पण ती राख कुठं सोडायची हे मलाच ठरवायचंय, अन् त्यामागं कारण आहे.

केमच्या अलीकडं आमचं गाव. वर माळ, खाली ओढा, ओढ्यात आसरांचा डोह. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. काठावर त्यांचे शेंदराचे सात दगड, भोवती करंज-जांभळीची राई. बाळंतीण पहिल्यांदा पाण्याला निघाली की आधी डोहाला हळदकुंकू वाहायची, मग वाकून पाण्यात आपलं तोंड बघायची, अन् मगच घागर बुडवायची. तोंड दिसलं नाही तर बहिणींनी तिला ठेवून घेतलं, असं म्हणत.

माझं लग्न झालं त्या साली भुईमुगाला भाव आला होता. माळ फोडायचं ठरलं. गावाला काळजी एकच, आसरा कोपतील. म्हणून नारळ फोडला, राईभोवती चुन्याची रेघ ओढली, अन् रेघेबाहेरचं सगळं साफ केलं. हिवर, बोरी, तरवड मुळासकट उपटले. गवत पेटवलं. लोखंडी नांगराला चार बैलजोड्या जुंपल्या.

बायको तेव्हा नवी नवरी. भाकऱ्या घेऊन आली होती. पदर सावरत म्हणाली, "पाणी काय राईच्या बुडातनं येतंय व्हय? ते वरनं येतंय की."

चुलता बैलाची शेपटी पिरगाळत म्हणाला, "सूनबाई, आता आसरालाच शाळा शिकीव."

सगळे हसले. मीही हसलो.

शेंगा चांगल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. पण सकाळी थव्यानं पाण्याला उतरणाऱ्या पाकुर्ड्या येईनाशा झाल्या. मग टिटवी गेली. तिसऱ्या पावसाळ्यात वरची माती ओढ्यात आली. त्या साली पाऊस पडून गेला तरी एक बेडूक ओरडला नाही. पाऊस थांबला की गाव असं मुकं व्हायचं, की माणसं आपोआप हळू बोलायला लागली.

त्याच साली थोरला झाला. बायको डोहावर निघाली, संगं माझी आई. टळटळीत दुपार. मी काठालाच भांगलत होतो. डोहात गुडघाभर राखाडी पाणी. राईतलं एक पानही हलत नव्हतं. आधी आवाज आला, ढेकळावर काहीतरी खरवडल्याचा. बघतो तर डोहातनं कासवं बाहेर पडत होती. एकामागं एक सात दगडांमधनं आली, चुन्याची रेघ ओलांडली अन् नांगरटीत शिरली. थांबेनात, की आमच्याकडं बघेनात.

आईच्या हातातलं ताट पडलं. "बाया चालल्या," ती म्हणाली.

बायको मात्र पाण्यावर वाकलेली. लई वेळ. आईनं विचारलं, "दिसतंय का गं तोंड?"

"न्हाई, आत्याबाई." मग हात बुडवून तिनं मूठभर गाळ वर काढला. "मी कशी दिसंन? सगळा माळ हितं येऊन बसलाय."

आईनं तिला घागर बुडवू दिली नाही. पुढं वर्षभर आई रात्री दाराला आडवी निजायची, सुनेला कुणी हाक मारून नेऊ नये म्हणून. बायको कशाला भ्याली नाही. तिनं मला एवढंच सांगितलं, की आपली वरची पट्टी नांगरायची नाही. नांगरली नाही. गाव मला गवताचा पाटील म्हणायचं. आधी नुसती कुसळी आली, मग पवन्या, मग कुठनं तरी बोरी. कासवं काही परत आली नाहीत. डोह भरला तो भरलाच, आज तिथं पोरं गोट्या खेळतात.

लई वर्षांनी, एका दिवाळीच्या आसपास, पट्टीखालच्या ओघळीत ओंजळभर पाणी थांबलेलं दिसलं. निवळशंख. ती गुडघ्यावर हात टेकून वाकली. मी विचारलं, "दिसलं का?"

"व्हय," ती म्हणाली. "म्हातारी झाले की ओ मी."

म्हणून मडकं सीनेला नेणार नाही. पाऊस झाला की पट्टीवर जाईन. ओघळीत पाणी थांबलं तर तिथं सोडीन. पण आधी वाकून बघणार. तिथं कुणाचं तोंड दिसतं, ते बघितल्याशिवाय मडकं उपडं करायला माझा हात होणार नाही.