गुरुलिंग स्वामींची तिसरी पोळी

पडदा वर जातो तो औशातल्या उमाबाईंच्या नव्या घरात. मधोमध पाट, पाटावर गुरुलिंग स्वामी, आणि स्वामींच्याही आधी ताटाशी जाऊन पोचलेलं त्यांचं पोट.

इकडच्या लिंगायत घरांत जंगम, म्हणजे त्यांचा पुरोहित, जेवल्याशिवाय शुभकार्य पुरं होत नाही. स्वामी जंगम, आणि चाळीस वर्षं त्यांनी एकही कार्य अपुरं राहू दिलं नव्हतं. नेम कडक: ताटात पडलेला कण टाकायचा नाही, शेवटी ताट धुऊन ते पाणीसुद्धा प्यायचं. ‘नको’ हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. रक्तात साखर निघाल्यावर त्यांनी घरचा भात सोडला. बाहेरची पुरणपोळी मात्र प्रसाद. ती त्यांनी पथ्यात धरलीच नाही.

मग पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरेना. लातुरात डॉक्टर असलेली भाची मंजुश्री रिपोर्ट बघून म्हणाली, "मामा, असंच चाललं तर अंगठा जाईल."

"गोळ्या खाऊन राहिलो की."

"पोळ्या पण खाताय. पोटातली चरबी फार फुगली की तिच्या काही पेशी गुदमरून मरतात. ती घाण उचलायला रक्तातल्या रखवालदार पेशी येतात. जंतूंशी लढतात ना, त्याच."

"मग लढू दे."

"जंतू हायत कुठं? त्या तिथंच मुक्काम ठोकतात आणि जाळ करत बसतात. त्या जाळापायी शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. साखर रक्तातच फिरत राहते."

स्वामींनी पोटावरून हात फिरवला. "म्हंजे आवतनावर आल्या, आन जेवून उठंनात."

"व्हय."

"माझेच भाऊबंद की गं."

त्याला चार दिवस झाले. आज दोन पोळ्या पोटात गेल्या होत्या आणि उमाबाई तिसरी घेऊन वाकल्या. तुपात न्हालेली पोळी ताटावर लोंबू लागली. ताटात पडली की संपलं, खावीच लागणार. स्वामींनी पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ताटावर दोन्ही हात आडवे धरले. गरम तूप मनगटावर ओघळलं.

पंगतीतल्या माना वळल्या. उमाबाईंचा चेहरा उतरला.

"स्वामी, आमचं काई चुकलं का?"

"तुमचं काई चुकलं न्हाई, उमाबाई. माझ्या पोटात लई दिवसांची एक पंगत बसलीय. आधी ती उठू द्या."