कोपरा न दुमडलेली चिठ्ठी

कोशाच्या कार्यालयात त्यांना सगळे चिठ्ठीमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवले नव्हते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी मास्तर म्हणून हाक मारली आणि ती चौतीस वर्षे अंगाला चिकटून राहिली. बायकोसुद्धा चारचौघांत 'आमचे मास्तर' म्हणायची, आणि भांडताना नुसते 'मास्तर'.

कार्यालय म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन लांबट खोल्या. भिंतींना लागून लाकडी कपाटे, कपाटांत खण, खणांत तळहाताएवढ्या चिठ्ठ्या. इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेतले अर्थ देणारा मोठा कोश तिथे तयार व्हायचा. मास्तर आले तेव्हा सुरुवातीच्या अक्षरांवर जुनी मंडळी ठाण मांडून बसलेली होती. मास्तरांच्या वाट्याला आले डब्ल्यू, शेवटून चौथे. त्या अक्षरात चालण्याचा शब्द होता, वॉक, आणि त्या एका शब्दाने मास्तरांची तीन वर्षे खाल्ली.

वरवर पाहता त्यात होते काय? लहान मुलालाही ठाऊक असलेला शब्द. पण मास्तर खोदत गेले, तसतसे लक्षात आले की हा शब्द मुळात चालतच नव्हता. हजारएक वर्षांपूर्वी तो लोळायचा. समुद्राच्या लाटा लोळतात, उलथतात, वर येऊन पुन्हा खाली जातात, त्याला हा शब्द होता. काही पंडित तर त्याचे मूळ आणि आपल्या वळण्याचे, वलयाचे मूळ एकच मानतात. हे वाचले त्या दिवशी मास्तर घरी जाताना गल्लीच्या प्रत्येक वळणावर जरा थबकले होते.

मग मधली काही शतके हा शब्द पायाने चालण्याच्या अर्थाने लिखाणात फारसा दिसत नाही, आणि एकाएकी सगळीकडे तोच. जाणकारांचा अंदाज असा, की तो अर्थ लोकांच्या तोंडी आधीपासून असावा. लिहिणाऱ्यांनी त्याला कागदावर घेतले नव्हते एवढेच. पुढे पसारा वाढत गेला. माणसे चालतात, भुते चालतात, घोड्याला चालवतात, कुत्र्याला फिरवून आणतात, कामगार काम टाकून निघून जातात, कुणी बक्षीस सहज खिशात घालतो, आणि बागेतल्या पायवाटेलाही वॉकच म्हणतात. मास्तरांनी त्रेचाळीस अर्थ वेगळे केले. बेचाळिसांना आपल्या भाषेतले शब्द मिळाले. एकावर घोडे अडले.

तो अर्थ कांबळ्यांचा होता. विणलेले लोकरी कापड ओले करून काहिलीत टाकायचे आणि तासन्‌तास पायांनी तुडवायचे, म्हणजे ते आटते, दाट होते, त्यातून वारा जात नाही. या तुडवण्याला इंग्रजीत एके काळी वॉक म्हणत आणि तुडवणाऱ्याला वॉकर. आज त्या आडनावाने मिरवणाऱ्या कितीतरी लोकांचा कुणीतरी खापरपणजोबा गुडघाभर ओल्या लोकरीत उभा होता, हे त्यांच्या गावीही नसते.

हे काम आपल्याकडेही व्हायचे. म्हणजे त्याला शब्द असणारच. पण कार्यालयाचा एक नियम होता: कामाचा शब्द काम करणाऱ्याच्या तोंडून घ्यायचा. सुतारकामाचा सुताराच्या, लोहारकामाचा लोहाराच्या. कोशाच्या पहिल्या संपादकांनी घालून दिलेला हा नियम सगळे पाळत. आणि कांबळी तुडवणारे तोवर यंत्रांनी संपवले होते. मास्तरांनी पत्रे पाठवली, दुकाने पालथी घातली. कुणी नुसते 'तुडवणे' सांगितले, कुणी 'धुणे'. त्या कामाचे असे नाव कुणालाच आठवेना. इकडे छापखाना तगादा लावून बसलेला.

एका शनिवारी दुपारी मास्तरांनी एक शब्द स्वतःच घडवला. पायमळणी. पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहिला.

पेन्सिल म्हणजे कच्चे आणि शाई म्हणजे पक्के, ही तिथली रीत. कच्च्या चिठ्ठीचा वरचा उजवा कोपरा दुमडायचा. कारकून खण काढून बसे आणि ज्यांचा कोपरा सरळ, त्या चिठ्ठ्यांवरून शाई फिरवी. त्या शनिवारी मास्तरांनी कोपरा दुमडला नाही. विसरलो, असे ते पुढे स्वतःला सांगत राहिले. खरे म्हणजे ते ती चिठ्ठी हातात धरून बराच वेळ बसले होते. शब्द त्यांना आवडला होता. अगदी खरा वाटत होता, कुणा म्हाताऱ्याच्या तोंडून नुकताच पडल्यासारखा. आणि तोवरच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी दुसऱ्यांचेच शब्द टिपले होते. हा एकच त्यांचा होता.

कोश छापला गेला. शब्द आत गेला.

पहिली दोन-तीन वर्षे काही झाले नाही. मग शाळेच्या एका पुस्तकात 'जुने व्यवसाय' या धड्यात पायमळणी आली. मग वर्तमानपत्रात कुणा पुढाऱ्याने विरोधकांची पायमळणी केली. एका प्रदर्शनात काचेच्या पेटीत जुने कांबळे ठेवले होते, त्याखाली पाटी: पायमळणी केलेले. मास्तर अशी कात्रणे जमवत. प्रत्येक कात्रण पाहून त्यांना चोरी पकडली गेल्यासारखे व्हायचे, आणि आत कुठेतरी गुदगुल्याही व्हायच्या. ही दुसरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. पहिली फक्त बायकोला.

कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीची तयारी सुरू झाली तेव्हा मास्तरांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. आता हा शब्द काढायचा आणि खरा घालायचा, मगच घरी बसायचे, असे त्यांनी ठरवले. ते बायकोला तसे म्हणाले तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"एकोणीस वर्षांचा झाला तो," ती म्हणाली. "आपल्या पोरीपेक्षा वर्षाने लहान. आता घराबाहेर काढता होय?"

"तो आपला नाही गं. खोटा आहे."

"वाढवलात तेव्हा नव्हता वाटतं खोटा."

आताच्या संपादकबाई मास्तरांहून दहा वर्षांनी लहान, कामाला वाघीण. मास्तरांनी त्यांना अर्धेच सांगितले: शब्द संशयास्पद आहे, आधार कच्चा आहे. बाईंनी अट घातली ती साधी होती. छापलेला शब्द काढायचा तर बदली शब्द आणा, काम केलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलेला. महिनाअखेरपर्यंत. रिकामी जागा आपण छापत नाही.

मास्तरांनी पुन्हा शोध सुरू केला. या वेळी नशिबाने हात दिला असे वाटले. एका लोकरीच्या दुकानदाराने सांगितले, की बसने चार तासांवरच्या गावात एक म्हातारा आहे. शहाऐंशी वर्षांचा. पंचेचाळीस वर्षे काहिलीत उभा राहिलेला, त्या भागातला शेवटचा. कान शाबूत, जीभ तर फारच शाबूत.

मास्तर पहाटेच्या बसने निघाले. पिशवीत कोऱ्या चिठ्ठ्या होत्या आणि या वेळी पेन्सिल नव्हती, फक्त शाईचे पेन.

घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्यावर म्हाताऱ्याची सून काम करत होती. म्हातारा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. मास्तरांची नजर आधी त्याच्या पावलांवर गेली. बोटे फाकलेली, टाचा रुंद, आणि घोट्यापर्यंतची कातडी विलक्षण मऊ आणि पांढुरकी, जणू ती पावले दुसऱ्याच कुणाची होती.

मास्तरांनी घाई केली नाही. आधी लोकरीचे विचारले, मग पाण्याचे. म्हातारा खुलला. पाणी किती कढत हवे, कोणत्या ऋतूत लोकर लवकर आटते, नवशिका कसा ओळखावा, सगळे सांगत गेला. नवशिका टाचा आपटतो म्हणे, आणि संध्याकाळी बायकोकडून तेल चोळून घेतो. मुरलेला गडी लाटेसारखा चालतो, एक पाय बुडतो तेव्हा दुसरा तरंगतो. हजार वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या मुलखातला अर्थ हा माणूस पायांनी सांगत होता.

मग त्यांनी विचारले, या कामाला तुमच्यात म्हणत काय.

"पायमळणी," म्हातारा म्हणाला.

हातातली चिठ्ठी मास्तरांनी पुन्हा पिशवीत सारली. मग म्हणाले, "तसं नाही बाबा. आधी काय म्हणायचात? तुमच्या तरुणपणी?"

म्हातारा सुनेकडे पाहून हसला. उत्तर सुनेनेच दिले. सहा वर्षांपूर्वी कॉलेजची मुले आली होती, मोठे जाड पुस्तक घेऊन. बाबा तेव्हा काहीतरी वेगळेच म्हणायचे. मुलांनी पुस्तकात दाखवले, बरोबर शब्द हा आहे. तेव्हापासून बाबा बरोबर म्हणतात. नातवाने तर शाळेत त्यावर भाषण केले, बक्षीस मिळाले.

"वेगळं म्हणजे काय म्हणायचे?" मास्तरांनी विचारले.

सुनेने आठवून पाहिले. ती लग्न होऊन आली तेव्हा काम बंदच झाले होते, तिने तो शब्द कधी वापरला नव्हता. म्हातारा मात्र जरा ओशाळला.

"जाऊ द्या हो साहेब. आम्ही अडाणी माणसं, तोंडाला येईल ते बोलायचो. छापलेलं ते खरं."

मास्तरांना सांगावेसे वाटले, की बाबा, ते छापलेले मी लिहिले, आणि तोंडाला येणारेच खरे. पण त्यांना भीती वाटली, की हे ऐकून म्हातारा गोंधळेल आणि त्यांची मर्जी राखायला भलतेच काही सांगेल. मग तोही एक घडवलेलाच शब्द झाला असता. म्हणून त्यांनी वेगळीच विनंती केली. घरात जुने कांबळे आहे का? मोठे टोप-घमेले काही?

सूनबाईला वाटले माणूस जरा सटकलेला दिसतो. तरी तिने कपडे भिजवायचा प्लास्टिकचा टब आणला, त्यात कढत पाणी ओतले, गार पाण्याचे विसण घातले आणि एक विटलेले कांबळे बुडवले. म्हाताऱ्याने धोतर वर खोचले, खिडकीचा गज धरला आणि पाय आत टाकला.

सुरुवातीची काही पावले डळमळली. मग शरीराला ओळख पटली. खांदे सैल झाले, डोळे मिटले, आणि म्हातारा टबात जागच्या जागी चालू लागला, कुठेही न जाता, जसा पंचेचाळीस वर्षे चालला होता. ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होता. ओल्या लोकरीचा उग्र वास खोलीभर पसरला. सुनेने मशीन थांबवले.

मास्तर हळूच पुढे सरकले. "बाबा," ते म्हणाले, "तुम्ही लहान होतात. वडील काहिलीत. तुम्ही बाहेर खेळताय. आई हाक मारते, कामाला बोलावते. काय म्हणते?"

म्हातारा थांबला. पाण्यात एक पाय वर तरंगत राहिला. त्याचे ओठ मिटले, जुळले, काहीतरी आत घोळले. मास्तरांच्या हातात पेन उघडे होते.

"पायमळणीला चल रे, म्हणायची," म्हातारा म्हणाला, आणि आईच्या आठवणीने त्याचे डोळे भरून आले.

मास्तरांनी पेनाला टोपण लावले. टबातून बाहेर यायला त्यांनी म्हाताऱ्याला हात दिला, स्वतःच्या पंच्याने त्याची पावले पुसली. सुनेने चहा केला, तो घेतला आणि निघाले.

परतीच्या बसमध्ये ते चार तास एकाच गोष्टीत गुंतले होते. ओठ जुळले होते, हे त्यांनी पाहिले होते. ओठ जुळून निघणारी अक्षरे पाच: प, फ, ब, भ, म. एवढे तरी हाती लागले, म्हणून ते एकेक अक्षर पुटपुटून पाहू लागले. शेजारचा प्रवासी सरकून बसला. मग अर्ध्या वाटेवर त्यांच्या ध्यानात आले, की पायमळणीही प-नेच सुरू होते. हाती काहीच लागले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संपादकबाईंनी विचारले, ऐकला का शब्द. ऐकला, मास्तर म्हणाले. कुणाच्या तोंडून? पंचेचाळीस वर्षे काम केलेल्याच्या. कोणता?

मास्तरांनी सांगितला.

"मग संशय कसला होता?" बाई म्हणाल्या. "आधार तर पक्का झाला."

तेव्हा मास्तरांनी सगळे सांगितले. तो शनिवार, ती पेन्सिल, तो सरळ राहिलेला कोपरा, आणि हेही, की विसरलो नव्हतो. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"बायकोला."

"हे एकोणीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर एक चिठ्ठी फाडून भागलं असतं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मास्तरांना जड गेले. "आता काय काढू मी? ज्याने काम केलं, तो हेच म्हणतो. त्याची आई हेच म्हणायची, असं म्हणतो. तुम्ही एकटेच 'नाही' म्हणता. नियमाप्रमाणे खरा कोण?"

मास्तरांना उत्तर ठाऊक होते. तो नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता, एक शनिवार सोडून.

त्यांनी एवढेच मागितले, की नोंदीखाली एक ओळ घालू द्या: या कामाचा पूर्वीचा शब्द वेगळा होता, तो आता मिळत नाही. बाईंनी बराच विचार केला. मग नको म्हणाल्या. वाचणारा विचारील कोणता, आणि आपल्यापाशी सांगायला काही नाही.

मास्तर जागेवर जाऊन बसले. कोरी चिठ्ठी पुढे घेतली. शाईने लिहिले: पायमळणी. त्याखाली अर्थ. त्याखाली: ऐकीव, कांबळी तुडवणाऱ्या कारागिराच्या तोंडून. खाली सही केली आणि शाई वाळायची वाट पाहत बसले. वाळायला काही फार वेळ लागत नाही. मग कारकून आला, हात पुढे केला, आणि त्यांनी ती त्याच्या हातावर ठेवली.