पाणकोंबडीने दिलेले सहा गुण

पोहण्याच्या तलावावर सगळे तिला पाणकोंबडी म्हणत. हे नाव पंपघरातल्या मेकॅनिकने पाडलं होतं, कारण दिवसभर ती काठाकाठाने तुरुतुरु चालायची आणि पोहता न येणारा कुणी खोल भागाकडे सरकला की मान पुढे काढून ओरडायची. तिला त्याचा राग आला नाही. उलट पुढे फोटोंच्या स्पर्धेत नाव घालायची वेळ आली तेव्हा तिने हेच घातलं.

लोकांना पोहायला शिकवायचं आणि बुडणाऱ्याला बाहेर काढायचं, ही तिची नोकरी. उमेदीच्या काळात ती स्वतः शर्यतींत पोहली होती. फार काही मिळवलं नाही, पण एक गोष्ट अंगात मुरली ती कायमची. भिंतीला हात टेकला की घड्याळ थांबतं, आणि घड्याळाला कुणी मामा-काका नसतो. हरलात तर हरलात, पण कशाने हरलात ते कळतं. वळताना पाय घसरला, श्वास तुटला, शेजारची खरंच जोरात होती. रडून झालं की माणूस पुन्हा पाण्यात उतरतो.

फोटोंचा नाद बराच उशिरा लागला. धाकट्या भावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे कुणी तरी जुना कॅमेरा टाकून गेलं, न्यायला परत आलंच नाही. भावाने तो घरी आणला आणि म्हणाला, "ताई, धर. नाहीतर मी भंगारात देतो." तिने धरला. मग सकाळी तलाव उघडण्याआधी ती रिकाम्या पाण्याचे फोटो काढू लागली. तळाच्या फरशीवर हलणाऱ्या दोरांच्या सावल्या, कठड्यावर वाळत चाललेली ओली पावलं, गॉगल काढल्यावर पोरांच्या डोळ्यांभोवती उमटलेले गोल वळ. भावाला ते आवडले. त्यानेच तिला त्या संकेतस्थळावर नेऊन बसवलं.

तिथे दर आठवड्याला एक विषय असायचा. सभासदांनीच एकमेकांच्या फोटोंना एक ते दहा गुण द्यायचे, जमलं तर दोन ओळी अभिप्राय लिहायचा. इतरांना गुण दिल्याशिवाय आपला फोटो मोजणीत धरला जात नसे. तिला ही रीत फार पटली. "बघ, फुकटचं काही नाही," ती भावाला म्हणाली. "आधी दुसऱ्याचं बघा, मग आपलं दाखवा."

कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर, डबा खाऊन झाला की ती चष्मा लावून बसायची. एकेक फोटो मोठा करून बघायची. काय आवडलं, काय खटकलं, ते साध्या भाषेत लिहायची. शिकाऊ पोरांना ती जशी सांगायची तसंच, लागेल असं नाही, पण खोटंही नाही. यात एक गोम होती आणि ती तिच्या लक्षातच आली नव्हती. अभिप्राय लिहिला की खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि गुण दोन्ही दिसत. नुसता आकडा टाकला तर नाव झाकलेलं राही.

तिथला सर्वांचा लाडका होता 'सुवर्णक्षण' नावाचा एक सभासद. त्याने फोटो टाकला रे टाकला की खाली दहा-दहाची रांग लागे. 'अप्रतिम', 'शब्द नाहीत', 'तुम्हीच हे करू जाणे'. 'पाणी' हा विषय होता त्या आठवड्यात त्याने मावळत्या सूर्यासमोरची नाव टाकली होती. तिने तो फोटो बराच वेळ पाहिला आणि लिहिलं, "आकाश सुंदर आहे. पण रंग इतके गडद केलेत की नावाड्याचा चेहरा काळा ठिक्कर पडलाय. तो चेहरा बघायला मला आवडलं असतं. सहा." मग चष्मा पुसला आणि ती पुढच्या फोटोकडे वळली.

त्याच विषयासाठी तिने स्वतःचा जो फोटो दिला होता, तो तिच्या बाबांचा होता.

बाबा गोदामावर मुकादम होते. ट्रक मागे घेताना त्यांची हाक ऐकली की ड्रायव्हर ब्रेकवरच उभा राहायचा. पाण्याला मात्र हा माणूस जन्मभर घाबरला. मुलगी पोहण्याच्या शर्यतीत उतरली तरी ते कधी तलावाच्या कठड्याजवळ आले नाहीत, पार मागे, दरवाजाला टेकून उभे राहायचे. मग पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि तो आवाजही गेला. आता शब्द एकेक करून, अडखळत बाहेर पडायचे. डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला आणि मुलीच्या हातात ते आयतेच सापडले.

पहिले काही दिवस त्यांनी तिचा दंड सोडला नाही. नखांचे ओरखडे उठले तिला. मग एका सकाळी दुसऱ्या प्रशिक्षकाने पाठीखाली हात धरला आणि बाबा तरंगले. कान पाण्यात, चेहरा तेवढा वर, डोळे छताकडे. तीही कमरेइतक्या पाण्यात उभी होती. तिने कॅमेरा उंच धरला आणि एकच फोटो काढला. तिच्या मते तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो होता. खाली नाव दिलं, 'निवांत'.

पहिल्या दिवशी फोटो छान चालला होता. तिने ती सहा गुणांची ओळ लिहिली आणि संध्याकाळपर्यंत फोटो रसातळाला गेला. एक. एक. एक. दोन. पुन्हा एक. नाव नाही, कारण नाही. ज्या एक-दोघांनी काही लिहिलं, त्यांनी लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. एकाने 'विषय समजला नाही' असं लिहिलं. दुसऱ्याने 'बुडता म्हातारा' एवढंच लिहून दात काढणारा चेहरा चिकटवला होता.

"ताई, तू सुवर्णक्षणला सहा दिलेस ना?" भावाने विचारलं.

"दिले. का?"

"का म्हणून काय विचारतेस? त्याच्या भक्तांनी तुला धुतलंय. त्यांचा ग्रुपच आहे. एकमेकांना दहा, बाकीच्यांना एक. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे तर मग चाललंय कसं?"

"चालतंय म्हणून चाललंय," भाऊ म्हणाला.

तिने व्यवस्थापकांना लिहिलं. एकाच तासात इतके एक कसे पडले ते बघा, असं नम्रपणे लिहिलं. उत्तर ताबडतोब आलं, इतकं ताबडतोब की ते कुणी माणसाने लिहिलेलं नव्हतं हे उघड होतं. 'सर्व गुण नियमांनुसार आहेत. कलेबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असतं. आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.'

"मत?" ती स्वयंपाकघरात भांडी आपटत म्हणाली. "अरे, बघितलंच नाही तर मत कसलं? मला एक द्या, माझी ना नाही. पण बघून द्या! काय चुकलं ते सांगा! ही काय अंधारातून दगड मारायची रीत झाली?"

भावालाही चेव आला. जेवता जेवता त्याने खालचे अभिप्राय मोठ्याने, नकला करत वाचायला सुरुवात केली. 'बुडता म्हातारा' त्याच्या तोंडून निघून गेलं आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की आतल्या खोलीचं दार उघडं आहे.

"दा...खव," आतून आवाज आला.

तिने फोन नेला. बाबांनी तो डाव्या हातात धरला, छातीवर टेकवला आणि पाहिलं. पाहतच राहिले. मग बोट फोटोच्या नावावर ठेवलं.

"नि...वांत?"

"तुम्ही किती शांत दिसताय बाबा. पहिल्यांदाच तरंगलात ना त्या दिवशी."

"भीती," बाबा म्हणाले. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, ती त्यांनी खांद्याला पुसली. "भीती... वाटत... होती. हलता... येत नव्हतं. म्हणून... शांत."

तिने फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"मला... विचारलंस?"

विचारलं नव्हतं. शिकायला येणाऱ्या मुलांचा फोटो काढायचा तर ती आधी त्यांच्या आईबापांना विचारायची. बाबांना विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. बाबा म्हणजे घरचेच.

"काढून... टाक," बाबा म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाबांनी सांगितलं तशी ती फोटो काढून टाकायला बसली, तर तिथे वेगळंच लचांड. मतदान सुरू झालेला फोटो मागे घेता येत नाही! नियमच तसा. तिने पुन्हा लिहिलं. फोटोतल्या माणसालाच तो नको आहे, कृपया काढा. उत्तर आलं, आपला अनुभव मोलाचा आहे. तिने तिसऱ्यांदा लिहिलं, यावेळी कृपया न लिहिता. तरी अनुभव मोलाचाच होता.

शेवटी ती सगळे नियम वाचायला बसली. बारीक अक्षरात कुठे तरी लिहिलं होतं की दुसरं खातं उघडून स्वतःलाच गुण देणाऱ्याचा फोटो स्पर्धेतून बाद करून काढून टाकण्यात येईल. तिने कपाळाला हात लावला. ते अख्खं टोळकं वर्षानुवर्षं असलीच लबाडी करत होतं आणि कुणाचा केस वाकडा झाला नव्हता. पण नियम तर होता.

तिने 'पाणकोंबडी दोन' नावाचं खातं उघडलं, स्वतःच्या फोटोला दहा दिले आणि अभिप्रायात लिहिलं, "ही मीच. मीच मला दहा दिलेत. मी नियम मोडलाय. मला बाद करा."

भाऊ हसून लोळायचा बाकी राहिला. "चोरी करून पोलिसांना पत्ता कळवणारी तूच पहिली!"

पण पोलीस आलेच नाहीत. आले ते लोक. कुणाला तरी वाटलं, ही बाई टोळक्याच्या लबाडीवर टोला हाणतेय. त्याने तो अभिप्राय उचलून दहा ठिकाणी दाखवला. दुसऱ्या दिवसापासून फोटोवर दहांचा पाऊस सुरू झाला. 'या धैर्याला सलाम.' 'पाणकोंबडी, आम्ही तुझ्या पाठीशी.' 'आता तरी डोळे उघडतील.' टोळक्याने उलट एक-एकचा मारा केला, पण दहावाले जास्त निघाले. फोटो वर वर चढू लागला.

बाकावर बसून ती एकेक अभिप्राय वाचत खाली गेली. पार तळापर्यंत गेली. एकानेही बाबांच्या चेहऱ्याबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं. एक देणाऱ्यांनी फोटो पाहिला नव्हता आणि दहा देणाऱ्यांनीही नाही. तिला इतका संताप आला की तिने फोन टॉवेलात गुंडाळून पिशवीत कोंबला आणि बाहेर जाऊन एका बिचाऱ्या गृहस्थावर, तो कठड्यावरून नुसता चालत होता तरी, पळू नका म्हणून खेकसली.

निकालाच्या आदल्या दिवशी तिला एक निरोप आला. सुवर्णक्षणकडून. तो लांबलचक होता, पण मतलब इतकाच की मी कुणाला तुम्हाला एक द्यायला सांगितलं नव्हतं, ते लोक आपणहून करतात. मला त्यांचे दहा मिळतात, पण माझं काय चुकतं ते कुणीच सांगत नाही. तुमचे सहा मात्र अजून टोचतात. चेहरा मुद्दाम काळा ठेवला होता, तो तुम्हाला खरंच खटकला का?

तिने तो दोनदा वाचला. पहिल्यांदा तिला बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाटलं, मग भल्या माणसा, त्या लोकांना तोंडाने सांग ना थांबा म्हणून! तिने उत्तर लिहिलं, "हो, खटकला. आणि तुम्हाला हे ठाऊक होतं तर गप्प का बसलात?" त्यावर त्याच्याकडून काही आलं नाही.

निकाल लागला. नावाड्याचा फोटो पहिला. दुसरा कुठल्याशा धबधब्याचा. तिसरा 'निवांत'.

आता फोटो मागे घेता येत होता. तिने तो लगेच घेतला. तर विजेत्यांच्या दालनात त्याची छोटी प्रत तशीच! ती म्हणे कायम राहते. हे बाबांना सांगणं भाग होतं. ती त्यांच्या खोलीत गेली, पलंगाच्या कडेला बसली आणि झालं ते सगळं सांगितलं. सहा गुण, टोळकं, दुसरं खातं, दालन. बाबा ऐकत होते. ती शिव्या खायची तयारी करूनच बसली होती.

"तिसरा?" बाबा म्हणाले.

"हो. मी पुन्हा लिहिते त्यांना. काढायला लावते, सोडत नाही."

"पहिला... कोण?"

तिने दाखवला. बाबांनी डोळे बारीक करून फोन जवळ घेतला.

"सूर्य," ते म्हणाले. "हा तर... रोज... बुडतो." मग जरा थांबून, "माणूस... दिसत... नाही यात."

"तेच तर मी लिहिलं होतं, बाबा! त्यावरून तर सगळं रामायण झालं!"

"मग... दहा... कुणी दिले?"

"सगळ्यांनी."

"न बघता?"

"न बघता."

बाबांचा चेहरा लाल झाला. अर्धाच हलणारा तो चेहरा, पण गोदामावरच्या मुकादमाचा जुना राग त्यात ओळखू येत होता. "परत... मोजायला... सांग," ते म्हणाले.

"बाबा, मतदान बंद झालंय."

"मग... उघडायला... सांग!"

भाऊ दारात उभा राहून तोंड दाबून हसत होता. तिला मात्र हसू येईना. इतके दिवस ती फोटो काढा काढा म्हणून भांडत होती आणि आता ज्याच्यासाठी भांडली तोच मोजणी मागत होता. "मी आता एक अक्षर लिहिणार नाही," ती म्हणाली. "माझे हात दुखले. लिहायचं तर तुम्ही लिहा."

बाबांनी डाव्या हाताचं एक बोट फोनवर टेकवलं. एक अक्षर उमटलं, भलतंच. ते पुसायला गेले तर दोन उमटली. तोंडातून कसलीशी अस्सल शिवी निघाली, एका दमात, न अडखळता. झटक्यानंतरचं त्यांचं ते पहिलं सलग वाक्य होतं. भाऊ दार सोडून आत आला.

तिने हाताची घडी घातली, सोडली. मग फोन त्यांच्या हातातून घेतला.

"सांगा," ती म्हणाली, "काय लिहू?"