लाल रंगातलं एकच गाव

हवामान बदलाला तोंड कसं द्यायचं याचा आराखडा करायला सरपंचांना आणि ग्रामसेवकांना शिकवायचं, हे माझं काम. म्हणजे पाऊस बिघडलाय हे ज्यांना शेतात उभं राहून आधी कळलं, त्यांनाच ते पडद्यावर आलेख दाखवून सांगायचं. सुरुवातीला माझी मलाच लाज वाटते, मग सवयीनं तोंड चालू होतं. नोकरी कंत्राटी आहे आणि वाशिममधलं घर भाड्याचं आहे, तेव्हा लाजेचे फार लाड करून चालत नाही.

प्रशिक्षण तालुक्याच्या सभागृहात असतं. दुपारी हमखास लाइट जाते, आणि आम्ही वाटलेल्या फायलींना खरा उपयोग सापडतो, सगळे त्यांनी वारा घेत बसतात. शेवटच्या सत्रात प्रत्येक गावानं आपला नकाशा रंगवायचा. पाणी वर्षभर पुरतं तो भाग हिरवा, ओढाताण होते तो पिवळा, उन्हाळ्यात हाल होतात तो लाल. त्यावरून आराखडा करायचा, कुठं विहीर खोल करायची, कुठं पाणी जिरवायचं ते ठरवायचं, आणि तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठा रंगवून घ्यायचा. भिंतीची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली मला माहीत नाही. ज्याच्या निघाली त्याच्या घरात लग्नाचा मुलगा नसणार.

आमच्या पहिल्या प्रशिक्षणात जवळपास सगळी गावं हिरवीगार आली. पठारावरची गावं, जिथं खडकावर वीतभर माती आणि विहिरीला होळीपर्यंतच पाणी, तीसुद्धा हिरवी. पाऊस आता चार दिवसांत कोसळून मोकळा होतो, जमिनीत मुरायला थांबतच नाही, हे त्याच लोकांनी सकाळी मला सांगितलं होतं. माझं डोकं फिरलं. लहानपणी आमच्या बौद्ध वस्तीची विहीर गावाच्या कुठल्याच नकाशात नसायची, त्यामुळे नकाशात कुणी काही लपवलं की मला पटकन राग येतो.

"टँकर काय तुमच्या गावात फिरायले येते का?" मी विचारलं.

सगळे हसले. रंग मात्र कुणी बदलला नाही.

चहाच्या वेळी एका वयस्कर सरपंचांनी मला बाजूला घेतलं. "म्याडम, रागावू नका. पन भिताडावर गाव लाल काढलं, तं पोट्टी कोन देईन आमाले?"

मला आधी थट्टा वाटली. मग आठवलं, आमच्याकडं सोयरीक जुळवताना शेती किती, नोकरी आहे का, हे बाप विचारतो आणि पाणी कुठून आणावं लागतं हे आई विचारते. जिथं डोक्यावर हंडे घेऊन लांब जावं लागतं तिथं कुणी मुलगी द्यायला तयार नाही. म्हणून पठारावरच्या गावांत तिशी उलटलेली पोरं पानठेल्यावर बसून मोबाइल चाळताना दिसतात. म्हणून पाहुण्यांना दिवाळीनंतर लगेच बोलावतात, विहिरी काठोकाठ असताना. सगळ्यांनी मिळून सांभाळलेलं हे गुपित होतं आणि मी त्यावर लाल रंग ओतायला निघाले होते.

त्याच सभागृहात मागच्या रांगेत एक बाई मान खाली घालून रंगवत होत्या. आसेगावच्या पुढं, मुख्य रस्त्यापासून बऱ्याच आत असलेल्या एका गावच्या सरपंच. पंचावन्नच्या आसपासच्या, नवरा वारलेला, महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या. मी जवळ गेले तर नाल्याकाठचा एक पट्टा सोडून सगळं गाव त्यांनी लालभडक केलं होतं. खडू झिजून बोटं लाल झाली होती.

"काकू, पुरं गाव लाल?"

"हाय तं हाय," त्या म्हणाल्या. "मले देल्लं तवा दिवाईचे दिवस होते. हीर अशी भरेल होती का वाकून लोटा बुडवावा. उन्हाया लागला आन् मंग समजलं. माह्या बापाले मी तो मरेपर्यंत बोललो नाई धड. दुसऱ्याची पोट्टी तशी फसवून आनाची नाई मले."

त्यांचा एकुलता एक मुलगा लग्नाचा होता, हे त्यांनी त्याच दमात सांगितलं. आसेगावात त्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्यानं भरून द्यायचं दुकान आहे. उन्हाळ्यात कोरड्या विहिरींमध्ये मोटारी जळतात, त्यामुळे धंदा बरा चालतो, पण बायको काही मिळत नाही. हे सांगताना त्या हसल्या, आणि मीही हसले. मला त्या फार आवडल्या. मी त्यांना प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतलं पान काढून दाखवलं. लाल गावांना कामं आधी मिळतील असं त्यात छापलेलं होतं, आणि माझाही त्यावर विश्वास होता.

महिनाभरात भिंत रंगली. येणाऱ्या रस्त्याकडं तोंड करून असलेली, बसमधून उतरलं की पहिली दिसणारी भिंत. गाव चिडलं. गावाचं नाक कापलं, स्वतःच्या पोराचं तर वाटोळं केलंच, आमच्याही पोरांचं केलं, असं लोक त्यांच्या तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. "काम येऊ द्या," एवढंच म्हणायच्या.

काम यायच्या आधी पाहुणे आले. रिठदकडचे होते, बऱ्यापैकी शेती, मुलगी बारावी शिकलेली. नेमकी त्याच दिवशी माझी त्या गावात बैठक होती. सकाळी पोचले तर नकाशावर एक भलंमोठं बॅनर टांगलेलं. कुठल्याशा नेत्याचा वाढदिवस होता, आणि तो हात जोडून साऱ्या लाल रंगावर पसरला होता. सरपंचबाईंचा मुलगा शिडीवर चढून शेवटची दोरी बांधत होता.

"एक दिवस, म्याडम," तो वरूनच म्हणाला. "फक्त आजच्या दिवस राहू द्या."

चांगला शांत मुलगा होता. नवा शर्ट घातला होता आणि त्याची घडी अजून मोडली नव्हती. मी मान हलवली. लग्न त्याचं होतं.

पाहुण्यांची गाडी आली तशा सरपंचबाई पदर सावरत घरून आल्या. त्यांनी आधी बॅनर पाहिलं, मग मुलाकडं पाहिलं. मला वाटलं होतं की त्या पाहुण्यांना तशाच घरी घेऊन जातील, कुठल्याही आईनं तेच केलं असतं. त्या भिंतीपाशी गेल्या आणि दोरी ओढली. एका बाजूनं बॅनर लोंबलं. दुसरी दोरी सुटेना तेव्हा दातानं तोडली, बॅनरची नीट घडी केली आणि ओट्यावर ठेवली.

"हे काय काढेल हाय, बाई?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"आमचं गाव हाय. लाल म्हंजे तिथं पानी नाई. होयीपासून नाई. पोट्टी देसान तं हे पाहून द्या."

मुलीचा बाप भला माणूस होता. घरी आला, पोहे खाल्ले, चहा घेतला, मुलाच्या दुकानाची चौकशी केली. निघताना त्यानं सरपंचबाईंना हात जोडले. "तुमी खरं सांगतलं, लई उपकार झाले." त्यानंतर त्यांच्याकडून फोन आला नाही.

गाडी गेल्यावर मुलगा आईसमोर उभा राहिला. "माय, तुले गाव सुधरवाचं होतं का मले हाकलाचं होतं?" त्या पोह्यांच्या बशा उचलायला लागल्या. तो त्या दिवसापासून दुकानातच झोपायला लागला. मी परतीच्या बसमध्ये बसले आणि रडू आलं, आणि खरं सांगायचं तर कुणासाठी आलं ते मला कळलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मंजूर झालेले आराखडे छापून आले. ग्रामपंचायतींना ते नेऊन द्यायचं काम माझ्याकडं आलं. गठ्ठा चाळताना त्यांच्या गावाचं पान उघडलं. गाव हिरवं होतं. साधा पिवळासुद्धा नाही, हिरवा रंग, आणि खाली ओळ, तातडीच्या कामाची आवश्यकता नाही.

मी वरच्या कार्यालयात फोन केला. संगणकावर बसणारा मुलगा अगदी नम्रपणे बोलला. "मॅडम, आजूबाजूची सगळी गावं हिरवी होती आणि मध्ये ते एकच लाल. असं कसं होईल? आम्हाला वाटलं भरताना चूक झाली. दुरुस्त करून टाकलं."

मी नाही नाही ते बोलले. तो ऐकत राहिला. साहेबांच्या सह्या झाल्यात, आता पुढच्या वेळी बघू, म्हणाला. त्याच्यावर तरी किती ओरडणार? सगळ्यांनी खोटं सांगितलं की खरं सांगणाराच चुकलेला दिसतो. ही गोष्ट आमच्या पुस्तिकेत कुठंच नाही.

कागद घेऊन मी त्यांच्या गावाला गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण तसं करायला माझं मन धजलं नाही. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. घरात त्यांची जाऊ बाजेवर पडून होती. विहिरीच्या तळाशी डबकं राहिलं होतं, ते वाटीनं भरायला बायका आत उतरायच्या, त्यात ती पायऱ्यांवरून घसरली आणि कंबर मोडली. सरपंचबाईंचे गुडघे सुजलेले होते. दोन्ही घरांचं पाणी आता त्याच आणत होत्या. त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं आणि मी दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवला.

"पे ना, बाई. काहून ठेवलं? तेवढं हाय घरात."

मी प्यायले. मग जे झालं ते सगळं सांगितलं. लालचं हिरवं कशामुळं झालं, कुणी केलं, आता का बदलत नाही. सांगताना मला त्यांच्याकडं पाहवेना, मी त्यांच्या जावेकडं पाहून बोलत होते. त्या चिडतील, मला घराबाहेर काढतील, असं वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या पदरानं गुडघा चोळायला लागल्या.

"म्हंजे हीर खोल करत नाई?"

"नाई, काकू."

"आन् सरकारात आमचं गाव हिरवं हाय."

"हो."

"पक्कं हिरवं? पुरं गाव?"

"पुरं."

त्यांनी बाजेकडं एकदा पाहिलं. जाऊ डोळे मिटून पडली होती, पण जागी होती. मग त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढला नव्हता. बाजारात भाव विचारावा तसा साधा आवाज होता.

"लोनारकडची एक पोट्टी सांगून आली हाय. भिताडावर चुना मी आजच फिरवतो. पन तिचा बाप शिकेल हाय, नुसत्या बोलन्यावर भरोसा ठेवनार नाई." त्यांनी हात पुढं केला. "तो कागद मले दे. शिक्का हाय ना त्याच्यावर?"

शिक्का होता. मी कागद दिला.